मधली चार घरं

पट मांडा. लाकडी असेल तर उत्तम, प्लॅस्टिकची गुंडाळी असली तरी चालेल. फोनवरचा मात्र नको. तिथे बोट टेकलं की मोहरं सरकतं, आणि आज आपल्याला सरकण्याआधीचा वेळ हवा आहे. समोर भिडू नको, घड्याळ नको. काळी मोहरी आपल्या बाजूला घ्या. पहिली चाल समोरच्याची, हे मान्य करूनच बसायचं.

अजून काही हलवू नका. पटाच्या बरोबर मधल्या चार घरांकडे पाहा: डी-४, ई-४, डी-५, ई-५. आता मनातल्या मनात बाकीची सगळी मोहरी उचलून बाजूला ठेवा आणि डी-४ वर एकटा घोडा उभा करा. त्याला आठ घरं मिळतात. तोच घोडा कोपऱ्यात नेला की दोन उरतात. उंट मध्यात असला तर तेरा घरांवर नजर ठेवतो, कोपऱ्यातून सातांवर. हत्तीला मात्र या सगळ्याचं काहीच नाही. रिकाम्या पटावर कुठेही उभा करा, चौदाच घरं. ही मोजदाद एकदा बोटाने करून पाहा. चौसष्टांतल्या या चार घरांसाठी माणसं इतकी का भांडत आली, ते वाचून कळतं त्यापेक्षा बोट फिरवून लवकर कळतं.

मोजून झालं की बोट मागे घ्या आणि एक प्रश्न पटावर ठेवा. घरं मोलाची आहेत हे पटलं. पण मोलाची आहेत म्हणून तिथे जाऊन उभं राहिलंच पाहिजे का?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला या प्रश्नाचं उत्तर ठरल्यासारखं होतं. न्यूरेंबर्गमध्ये वैद्यकी करणारे डॉ. झीगबर्ट टाराश हे त्या काळचे मोठे शिक्षक. मध्यात प्यादी रोवा, त्यांना जोर द्या, मोहऱ्यांना मोकळी जागा मिळवा आणि समोरच्याला आवळत न्या, अशी ती शिकवण. चुकीची मुळीच नव्हती. आजही शिकणाऱ्या मुलाला पहिल्यांदा हेच सांगतात आणि हेच सांगावं. पण पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे मध्य युरोपात काही तरुण खेळाडू जमले, ज्यांना ही शिकवण पाठ होती आणि तिचा कंटाळाही आला होता. नीमझोविच, रेटी, ब्रेयर, तार्ताकोवर, ग्रुनफेल्ड. मध्यावर ताबा ठेवायला मध्यात प्यादीच कशाला हवीत, लांबून मोहऱ्यांची नजर पुरत नाही का, असं ते विचारू लागले. तार्ताकोवरने या मंडळींच्या खेळाला ‘हायपरमॉडर्न’ म्हटलं. तो विनोदी माणूस होता, आणि त्या नावातही थोडी टवाळी असावी असं मला नेहमी वाटतं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

त्यांच्यातल्या एकाचा डाव आज आपण सावकाश मांडणार आहोत. एर्न्स्ट ग्रुनफेल्ड हा व्हिएन्नाचा. जन्म १८९३ चा, घरची गरिबी, आणि लहानपणीच एक पाय गेलेला. बुद्धिबळ सापडलं तेव्हा त्याने ते अभ्यासाने धरलं. डावाच्या सुरुवातीच्या चालींचा त्याचा संग्रह आणि त्यातली त्याची जाण त्या काळी प्रसिद्ध होती. १९२२ मध्ये व्हिएन्नाच्या स्पर्धेत त्याने ही नवी सुरुवात अलेखिनविरुद्ध वापरली आणि डाव जिंकला. अलेखिन तेव्हा अजून जगज्जेता झालेला नव्हता. हरताना त्याने आपला राजा उचलून खोलीत भिरकावला, अशी गोष्ट सांगितली जाते. साम्राज्य गमावलेल्या राजधानीत मध्य सोडून देण्याची कल्पना सुचावी, हे जुळवायला किती सोपं आहे पाहा! म्हणूनच मी ते जुळवणार नाही.

आता पहिली चाल. पांढऱ्याचं वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे, डी-४ वर. ते तिथे ठेवा आणि हात मांडीवर घ्या. मधल्या चारांपैकी एक घर गेलं. तुमच्या मनात लगेच येईल की आपणही आपलं प्यादं तसंच पुढे घालावं. ती इच्छा येऊ द्या, तिला नाव ठेवू नका. मग राजाच्या बाजूचा घोडा उचलून एफ-६ वर ठेवा. हा घोडा मध्यात नाही, पण तिथून तो ई-४ आणि डी-५ या दोन्ही घरांवर नजर ठेवतो. पांढऱ्याने आता ई-४ वर दुसरं प्यादं आणलं तर घोडा ते फुकटात खाईल. एकही प्यादं न हलवता मधल्या एका घराचं दार आपण लोटून घेतलं.

पांढऱ्याचं सी-४. आपलं जी-६, प्यादं एकच घर. ही चाल नवख्याच्या डोळ्यांना अगदी बापुडवाणी दिसते. समोरचा दोन-दोन घरं पुढे येतोय आणि आपण एक घर सरकतोय! तरी तिथेच थोडं रेंगाळा, कारण या एका घराने मागे जी-७ ची जागा रिकामी झाली आहे आणि तिथे कोण येऊन बसणार हे आपल्याला ठाऊक आहे.

पांढरा घोडा सी-३ वर आणतो. त्याचा बेत उघड आहे: पुढच्या चालीला ई-४. इथे रस्ता फुटतो. उंट जी-७ वर नेऊन पांढऱ्याला ई-४ खुशाल करू दिलं तर तो किंग्ज इंडियन होतो, तोही याच घराण्यातला, जरा तापट. ग्रुनफेल्डने दुसरी वाट घेतली, आणि त्या वाटेलाही त्याचंच नाव पडलं. आपलं वजिरापुढचं प्यादं डी-५ वर ठेवा.

आता थांबा. डी-५ कडे पाहा आणि मोजा. त्यावर पांढऱ्याचे दोन रोख आहेत, सी-४ चं प्यादं आणि सी-३ चा घोडा. आपले जोर दोन, एफ-६ चा घोडा आणि मागे डी-८ वरचा वजीर. म्हणजे प्यादं पडत नाही. पण पांढऱ्याने मारामारी केली तर आपल्या हातात मध्यातलं काहीच उरणार नाही, हेही दिसतं. ते दिसूनही प्यादं तिथेच ठेवायचं. या सुरुवातीचा सगळा जीव या चालीत आहे, म्हणून घाई करू नका. दोन-चार श्वास नुसते त्या प्याद्याकडे पाहत काढा.

मग पुढच्या चाली हळूहळू करा. पांढरा प्यादं मारतो. आपला घोडा डी-५ वर परत मारतो आणि क्षणभर पटाच्या मध्यात उभा राहतो, रुबाबात. पांढऱ्याचं ई-४. रुबाब संपला; घोड्याला उठावंच लागणार. तो मागे न पळता सी-३ वरचा घोडा मारतो, आणि पांढरा बी-२ च्या प्याद्याने त्याला मारतो.

पटाकडे पाहा. पांढऱ्याची तीन प्यादी, सी-३, डी-४, ई-४, खांद्याला खांदा लावून. आपलं मध्यात काही नाही. आपल्या घोड्याने तीन चाली खर्चून पांढऱ्याचा एकदाच हललेला घोडा घेतला. जुन्या हिशेबाने पांढऱ्याचा डाव इथेच चांगला झाला, आणि हा हिशेब मूर्खपणाचा नाही. मनात जी धाकधूक होते ती खरी आहे. ती झाकायला कुठलं तत्त्वज्ञान शोधू नका. मराठी वाचकाला इथे अनासक्ती आठवेल, सोडून देण्याचं सुख आठवेल. आठवू द्या, पण नजर डी-४ वरून काढू नका, कारण काळा त्या घराविषयी मुळीच अनासक्त नाही. त्याची सगळी आसक्ती तिथेच आहे. फक्त तो तिथे उभा नाही.

आता उंट उचला आणि जी-७ वर ठेवा.

तर्जनी त्याच्या माथ्यावर टेकवा आणि तिरप्या रेघेने हळूच खाली न्या. एफ-६, रिकामं. ई-५, रिकामं. डी-४, पांढऱ्याचं प्यादं. बोट तिथे थांबेल. थांबू देऊ नका, पुढे न्या. सी-३, आणखी एक प्यादं, अगदी नुकतंच तिथे आलेलं. बी-२, रिकामं, कारण तिथलं प्यादंच सी-३ वर गेलं. ए-१, कोपऱ्यातला हत्ती, ज्याने अजून डोळेही उघडलेले नाहीत. मागच्या तीन चालींत पांढऱ्याने जे जे केलं त्याने ही रेघ मोकळी झाली आहे. आपल्या घोड्याने जाता जाता सी-३ वरचा पहारेकरी सोबत नेला, हेही आता नीट दिसतं. बोट उलट फिरवून वर आणा, पुन्हा खाली न्या. उंट हललेला नाही. पुष्कळ डावांत तो वीस-वीस चाली हलत नाही, आणि त्या वीस चालींत पांढऱ्याचा प्रत्येक विचार या रेघेला विचारून होतो.

इथून पुढे काळ्याचं काम एका घराभोवती फिरतं. बाकीचं सगळं विसरा आणि डी-४ वर मन ठेवा. पांढरा उंट सी-४ वर आणतो. आपण सी-५ करतो, बाजूने प्यादं. पांढऱ्याने ते खाल्लं तर त्याचंच डी-४ रिकामं होतं आणि आपल्या उंटाला सी-३ थेट दिसतं. म्हणून तो खात नाही. तो घोडा ई-२ वर ठेवतो, डी-४ ला जोर. आपला दुसरा घोडा सी-६ वर, डी-४ वर रोख. त्याचा उंट ई-३ वर, जोर. आपण किल्लेकोट करतो, तोही करतो. दहा चाली झाल्या. आता मोजा. डी-४ वर आपले रोख: सी-५ चं प्यादं, सी-६ चा घोडा, जी-७ चा उंट, आणि मोकळ्या झालेल्या डी पट्टीवरून वजीर. चार. त्याचे जोर: सी-३ चं प्यादं, ई-२ चा घोडा, ई-३ चा उंट, डी-१ चा वजीर. चार.

चाराला चार. काही पडत नाही, कुणी जिंकत नाही. पण त्या चार पांढऱ्या मोहऱ्यांकडे एकेक करून पाहा आणि प्रत्येकाला विचारा, तू इथे का आहेस? ई-२ च्या घोड्याला एफ-३ वर जायला आवडलं असतं, तिथून तो अधिक लांब पाहतो. पण तिथे गेला असता तर आपला सी-८ चा उंट जी-४ वर येऊन त्याला वजिराशी जखडून टाकता आणि डी-४ चा एक जोर लुळा पडता. म्हणून तो ई-२ वर आहे, जिथून एफ-२ चं प्यादं एफ-३ वर टाकून त्या उंटाला हुसकता येतं. ई-३ चा उंटही तिथे हौसेने आलेला नाही. मोठा वाडा बांधणाऱ्याला दरवर्षी पावसाआधी कौलं चाळून घ्यावी लागतात, तसं हे आहे. झोपडीवाल्याला ती कटकट नाही, पण पाऊस आल्यावर कोण कुठे बसेल हे विसरून चालणार नाही.

कारण पाऊस येतोच. ग्रुनफेल्डकडे पाहणारे पुष्कळजण इथे चुकतात. मध्य सोडला, आता निवांत, असं त्यांना वाटतं. एक प्रयोग करा. उंट जी-७ वर आला तिथपर्यंत मोहरी परत न्या. आता काळ्याला नुसतं बसू द्या: किल्लेकोट, मग ए-६, मग एच-६, अशा निरुपद्रवी चाली. पांढऱ्याला तेवढ्यात उंट आणि घोडा बाहेर काढू द्या, किल्लेकोट करू द्या, मग एफ-४, मग ई-५. पुन्हा तर्जनी जी-७ वर टेकवून तीच रेघ काढा. एफ-६, आणि संपलं. ई-५ वरचं प्यादं रेघेत आडवं बसलं आहे, मागून डी-४ आणि एफ-४ चा दुहेरी जोर घेऊन. मघाचा तोच उंट, त्याच घरात. सगळा फरक वेळेचा आहे. सी-५ वेळेवर आलं नाही, दाब वेळेवर बसला नाही, की सोडलेला मध्य खरोखरच सोडलेला ठरतो. मला म्हणून हा डाव तपस्व्याचा वाटत नाही. मुदतीवर कर्ज देऊन तारीख डोक्यात ठेवणाऱ्याचा वाटतो.

मोहरी परत दहाव्या चालीवर आणा, चाराला चार. या चित्राला इतिहास आहे. सेव्हिलमध्ये १९८७ साली कार्पोव आणि कास्पारोव जगज्जेतेपदासाठी चोवीस डाव खेळले, आणि हे चित्र त्यांच्यात पुन्हा पुन्हा उमटलं. कास्पारोव काळ्याकडून. त्याने उंट जी-४ वर नेला, ई-२ च्या घोड्यावर, म्हणजे डी-४ सोडून त्याच्या राखणदारावर. पांढऱ्याचं एफ-३, काळ्याचा घोडा ए-५ वर, सी-४ च्या उंटावर. तेव्हा कार्पोवने उंटाने एफ-७ वरचं प्यादं मारून शह दिला. हत्तीने उंट खाल्ला, पांढऱ्याने जी-४ चा उंट खाल्ला. पांढऱ्याला एक प्यादं जास्त, पण जी पट्टीवर एकापुढे एक अशी दोन बेढब प्यादी, आणि राजाभोवतीचं कुंपण मोडलेलं. हे प्यादं चांगलं की ओझं, यावर ते दोघं डावामागून डाव भांडत राहिले. सामना बारा-बारा सुटला आणि जगज्जेतेपद कास्पारोवकडे राहिलं.

दुसरं एक स्थळ आपल्याला जास्त जवळचं. सोफिया, २४ एप्रिल २०१०. जगज्जेता विश्वनाथन आनंद, समोर स्वतःच्याच देशात खेळणारा वेसेलिन टोपालोव. आइसलंडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमानं बंद पडली होती आणि आनंद फ्रँकफर्टहून मोटारीने सुमारे चाळीस तास प्रवास करून पोचला होता. पहिला डाव, आनंदकडे काळी मोहरी, आणि दहाव्या चालीनंतर पटावर तंतोतंत हेच चित्र जे आत्ता तुमच्यासमोर आहे. आनंदने घोडा ए-५ वर नेला, उंट डी-३ वर हटला, मग बी-६, आणि थोड्याच वेळात ई-५: डी-४ वर नवा रोख. पुढच्या मारामारीत डी-४ पडलं. नुसतं पडलंच नाही, तर आनंदचं काळं प्यादं स्वतः डी-४ वर जाऊन बसलं, आणि एक प्यादं त्याला वरचढ मिळालं.

इथे डोळे मिटून घ्या आणि ते चित्र मनात धरा. काळ्याला जे हवं होतं ते सगळं मिळालं आहे. आता डोळे उघडा आणि जी-७ कडे पाहा. तिथे राजा आहे. उंट नाही. डी-४ ची झटापट चालू असताना टोपालोवने आपला उंट एच-६ वर आणला आणि जी-७ च्या उंटाशी अदलाबदल करून टाकली. ती तिरपी रेघ, जिच्यासाठी आपण एवढा वेळ बोट फिरवलं, आता कुणाचीच नाही. पांढऱ्याने प्यादं गेल्याचं मनावर घेतलं नाही; एफ-४, एफ-५ करत तो थेट राजाकडे गेला. चोविसाव्या चालीला त्याच्या घोड्याने एफ-६ वर बळी दिला, आणि तिसाव्या चालीला आनंदने डाव सोडला.

हा डाव मला ग्रुनफेल्डच्या कितीतरी जिंकलेल्या डावांपेक्षा अधिक शिकवतो. लक्ष्य आणि त्यावर नजर ठेवणारा उंट, यांतलं मोलाचं काय? आपण इतका वेळ डी-४ वर मन एकाग्र केलं, तसंच करायला मी सांगितलं. पण एकाग्रतेलाही दुसऱ्याने आपल्या जागेवरून उठवलेलं कळावं लागतं. आनंदने पुढे, दहाव्या डावात, पुन्हा ग्रुनफेल्डच मांडला आणि बरोबरी केली. सामनाही साडेसहा विरुद्ध साडेपाच असा जिंकला. पहिल्या डावाची जखम त्याच पटावर परत उघडून पाहायला धैर्य लागतं, एवढंच म्हणतो.

आता थोडं मागे जाऊ. १७ ऑक्टोबर १९५६, न्यूयॉर्कचा मार्शल चेस क्लब. तेरा वर्षांचा बॉबी फिशर काळ्याकडून, समोर डोनाल्ड बर्न. चालींचा क्रम वेगळा, पण आकार ग्रुनफेल्डचाच: पांढऱ्याची डी-४ आणि ई-४ वर दिमाखदार प्यादी, आणि जी-७ वर आपला ओळखीचा उंट. या डावातला वजिराचा बळी सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणून तो बाजूला ठेवा. अकरावी चाल पाहा. फिशरचा बी-६ वरचा घोडा उडी मारून पटाच्या अगदी काठावर, ए-४ वर जातो. मघाशी कोपऱ्यातल्या घोड्याची घरं मोजलीत, ती आठवा. मध्याशी त्याचा काय संबंध? पांढऱ्याने तो खाल्ला असता तर सी-३ चा घोडा जागेवरून हलला असता, आणि मग काळ्याचा दुसरा घोडा ई-४ चं प्यादं खाऊन एकाच वेळी वजीर आणि उंट या दोघांवर येता. बर्नने तो खाल्ला नाही, तरी ई-४ दोन चालींनी पडलंच. आणि पांढऱ्याचा राजा अजून पहिल्या दिवशी होता तिथेच, मधल्या पट्टीवर. मध्य सुंदर बांधला होता; किल्लेकोटाला सवड झाली नव्हती. एक्केचाळिसाव्या चालीला मात झाली.

अजून मागे. कोलकाता, १८५५. ग्रुनफेल्ड जन्मायला अडतीस वर्षं आहेत. जॉन कोक्रन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर पांढऱ्याकडून बसला आहे, आणि काळ्याकडून महेशचंद्र बॅनर्जी. चाली पाहा: घोडा एफ-६, प्यादं जी-६, प्यादं डी-५, उंट जी-७, किल्लेकोट, मग घोड्याने सी-३ वर मारामारी, मग सी-५. पांढरा ई-३ वर थांबला, ई-४ केलं नाही, एवढाच फरक. कोक्रन आणि बॅनर्जी वर्षानुवर्षं एकमेकांशी खेळले, ते डाव लिहून ठेवले गेले, आणि घोडा एफ-६ ने सुरू होणाऱ्या या सगळ्या कुळाला ‘इंडियन’ नाव पडलं त्याचं मूळ या डावांत सांगितलं जातं. बॅनर्जीपाशी ही मांडणी कुठून आली असावी याचा एक तर्क असा, की देशी पद्धतीत प्यादं सहसा पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. त्या सवयीच्या हाताला जी-६ बापुडवाणं वाटण्याचं कारणच नव्हतं. आपल्याकडेही देशी पद्धतीने खेळणारी जुनी माणसं होती. त्यांना व्हिएन्नाचं हे बंड दाखवलं असतं तर ती म्हणाली असती, यात नवीन ते काय?

बॅनर्जी तो डाव हरला. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा लेखांत पूर्वसूरींना जिंकवायची आपल्याला हौस असते.

शेवटचं एक काम उरलं आहे आणि त्यासाठी उठावं लागेल. पटाच्या दुसऱ्या बाजूला जा. मोहरी पुन्हा तिथे आणा, जिथे उंट नुकताच जी-७ वर बसला आहे. आता तुम्ही पांढरे. तीन प्यादी तुमची आहेत. इतका वेळ समोरून जो दाब टाकलात तो आता अंगावर घ्या. तिरपी रेघ या बाजूने पाहा, ए-१ च्या हत्तीच्या जागी बसून.

घोडा एफ-३ वर ठेवा. होय, ज्या घराची मघाशी भीती दाखवली तिथेच. पुष्कळ वर्षं ही चाल चुकीची मानली जायची. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ती मुख्य रस्ता झाली. काळ्याचं सी-५. आणि आता ए-१ चा हत्ती फक्त एक घर बाजूला, बी-१ वर. ही चाल करून हात काढून घ्या आणि पाहत राहा. हत्ती उंटाच्या रेघेतून उठला, त्यामुळे तिच्या टोकाला आता काहीच नाही. शिवाय बी पट्टी मोकळी आहे, कारण तिथलं प्यादं सी-३ ला गेलं होतं, आणि बी-१ वरून हत्तीला थेट बी-७ दिसतं. काळ्याचा सी-८ चा उंट जी-४ ला धावत गेला तर मागे बी-७ बिनजोरी राहतं. म्हणजे पांढऱ्यानेही आता लांबून नजर ठेवायला सुरुवात केली. व्हिएन्नाच्या पोरांची युक्ती समोरच्या बाकावरही पोचली.

डाव पुढे न्या. काळ्याचा किल्लेकोट, आपला उंट ई-२. काळा डी-४ वर प्यादं मारतो, आपण सी-३ च्या प्याद्याने परत. काळ्याचा वजीर ए-५ वर, शह. आपण उंट डी-२ वर मध्ये घालतो. वजिरावरच रोख येतो, त्याला जागा सोडावी लागणार. ए-२ वरचं आपलं प्यादं बिनजोरी आहे आणि वजिराच्या वाटेतच आहे.

पुन्हा उठा, काळ्याच्या खुर्चीत जा. ए-२ खाल्लंत तर पटाच्या त्या टोकाला तुमची ए आणि बी पट्टीवरची दोन प्यादी राहतात, आणि त्यांना अडवायला पांढऱ्याचं एकही प्यादं उरत नाही. डावाच्या अंतापर्यंत टिकलात तर ती दोन प्यादी धावतील. पण तोवर तुमचा वजीर लांब कोपऱ्यात आहे, पांढरा पुढच्याच चालीला किल्लेकोट करणार आहे, आणि डी-४, ई-४ वरची प्यादी जिथल्या तिथे आहेत, आता कसलीच मुदत न घालता पुढे यायला मोकळी. मोठमोठ्या खेळाडूंनी हे प्यादं खाल्लं आहे आणि टाळलंही आहे. चाल तुमची आहे. वेळ हवा तेवढा घ्या.